पाहिलं कोणीच नाही, तरी शिक्षा?

मुलांनो, कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला काही नवा नाही. रात्री तुम्ही गाढ झोपलेले असता. सकाळी दार उघडता, तर अंगण ओलं, पन्हाळीतून थेंब ठिबकतायत, समोरच्या रस्त्यावर डबकी. पाऊस पडताना तुम्ही पाहिला का? नाही. तरी "रात्री पाऊस झाला" असं तुम्ही बेधडक सांगता. पण समजा, अंगण तेवढं ओलं आहे आणि पन्हाळ कोरडी, रस्ताही कोरडा. मग? मग आईने सडा घातला असणार!

न्यायाधीशांना हेच काम करायचं असतं. फरक एवढाच, की तिथे चुकलं तर एखादा माणूस जन्मभर तुरुंगात जातो.

पुरावा दोन तऱ्हेचा असतो. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं" असं साक्षीदार सांगतो, तो प्रत्यक्ष पुरावा. आणि कोणीच पाहिलं नाही, पण आजूबाजूच्या गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात, तो परिस्थितीजन्य पुरावा. बऱ्याच जणांना वाटतं, की हा दुसरा म्हणजे कच्चा पुरावा. तसं काही नाही हं! पाहणारा माणूस खोटं बोलू शकतो, अंधारात त्याची गफलतही होऊ शकते. बोटांचे ठसे, सीसीटीव्हीत दिसलेली पाठमोरी आकृती, मोबाइलचा टॉवर हे सगळं बहुतेक वेळा परिस्थितीजन्य पुराव्यातच मोडतं. परिस्थिती खोटं बोलत नाही, असं कोर्टात नेहमी म्हटलं जातं. मला मात्र त्याला एक शेपूट जोडावंसं वाटतं: ती वाचणारा माणूस चुकू शकतो.

एक उदाहरण घेऊ. तुमच्या वर्गाने पन्हाळ्याच्या सहलीचे पैसे गोळा केले. मॉनिटरने ते कंपासपेटीत घालून बाकात ठेवले. पी.टी.च्या तासाला सगळे मैदानावर. परत येऊन बघतो तर पेटी रिकामी! आता एका मुलाला आपण, बीजगणितात म्हणतो तसं, 'क' म्हणू. क मधेच मैदानावरून वर्गात येऊन गेला होता. त्याच संध्याकाळी तो रंकाळ्यावर दोन मित्रांना भेळ खिलवताना दिसला. आणि दुसऱ्या दिवशी विचारल्यावर त्याचा चेहरा लालबुंद झाला. झालं, वर्गाने निकाल लावून टाकला!

थांबा जरा. क पाण्याची बाटली घ्यायला आला असेल. मामाने खाऊला पैसे दिले असतील. आणि चाळीस जण एकदम टक लावून बघायला लागले, तर कोणाचा चेहरा लाल होणार नाही? तीन गोष्टी आहेत खऱ्या, पण प्रत्येकीला दुसरं सरळ उत्तर आहे.

आता समजा, मॉनिटरने प्रत्येक नोटेच्या कोपऱ्यावर हिरव्या शाईने बारीकशी खूण केली होती आणि भेळवाल्याच्या गल्ल्यात कने दिलेली नोट नेमकी तशीच निघाली. आता गोष्ट वेगळी झाली. तरीही विचारायला हवं, की ती नोट कला कुठून मिळाली? खऱ्या चोराने ती शाळेच्या कॅन्टीनमध्ये मोडली आणि तिथून सुट्ट्या पैशांत ती कच्या हातात आली, असं तर नाही? कॅन्टीन त्या दिवशी बंद होतं असं कळलं, की ही वाट बंद. अशा एकेक वाटा बंद करत जायचं. शेवटी कशिवाय कोणी उरलाच नाही, तरच तो दोषी.

आता खरी गोष्ट सांगतो, पुण्याची. तिथे लक्ष्मीबाई कर्वे नावाच्या एक विधवा बाई राहत. घरची सुस्थिती, पण मधुमेहाने बेजार. त्यांचे डॉक्टर होते अनंत चिंतामण लागू. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री दोघे मुंबईच्या गाडीत बसले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं, असं ठरलं होतं. पहाटे गाडी बोरीबंदरला लागली, तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. लागूने त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेलं आणि तिथे त्यांचं नाव सांगितलं भलतंच! त्याच दिवशी त्या गेल्या. ना मुलांना कळवलं, ना नातेवाइकांना. बरेच दिवस प्रेत तसंच पडून राहिलं. मग शवविच्छेदन झालं, रासायनिक तपासणी झाली. विष सापडलं नाही.

आणि इकडे पुण्यात लक्ष्मीबाईंची पत्रं यायला लागली! आपण यात्रेला गेलो, पुन्हा लग्न केलं, आता जयपूरकडे राहतो, असा मजकूर. त्यांचा पैसाअडका मात्र हळूहळू लागूकडे सरकत होता. ती पत्रं त्यानेच रचलेली होती, हे पुढे खटल्यात सिद्ध झालं. १९५८ मध्ये त्याला अटक झाली. पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

बचाव काय होता, बघा. बाई आजारी होत्या, आजारानेच गेल्या. नंतर लोभ सुटला म्हणून मी पैसे लाटले. मी चोर असेन, खुनी नाही! म्हणजे कच्या बाटलीसारखंच दुसरं उत्तर.

डिसेंबर १९५९ मध्ये निकाल लागला. तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी, दास आणि हिदायतुल्ला यांनी, हे उत्तर मान्य केलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की सगळीच विषं तपासणीत सापडतात असं नाही आणि कोणतं सापडत नाही हे डॉक्टरला चांगलं ठाऊक असतं. विष मिळालंच पाहिजे असा हट्ट धरला, तर हुशार खुनी कायमचा सुटेल. शिवाय बाईंच्या पैशांवर हात मारायची तयारी प्रवासाआधीच सुरू झाली होती, असं त्यांना दिसलं. त्या रात्री बाई जिवंत परतणार नाहीत हे आधीच माहीत असल्यासारखं लागूचं वागणं होतं. फाशी कायम झाली.

तिसरे न्यायमूर्ती, ए. के. सरकार, यांना हे पटलं नाही. मृत्यू आजाराने झाला असण्याची शक्यता पुरती खोडली गेलेली नाही, असं त्यांचं मत पडलं. तोच कागद, त्याच साक्षी, आणि तीन विद्वान माणसांत दोन मतं! मी तो निकाल वाचतो तेव्हा बहुमताचं म्हणणंच मला जास्त पटतं. पण सरकार यांची पानं चटकन उलटून पुढे जाववत नाही.

चोर म्हणजे खुनी का, हा पेच त्याहूनही जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये जलपायगुडीकडे एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. तिथल्या पंचांगावर अंगठ्याचा रक्ताळलेला ठसा मिळाला. तो पूर्वी चोरीसाठी शिक्षा झालेल्या त्याच्या जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. ठशांवरून माणूस शोधण्याची पद्धत तेव्हा अगदी नवी होती. कोर्टाने त्या नोकराला चोरीबद्दल दोषी धरलं, पण खुनातून सोडलं. तो तिथे होता हे ठशाने सांगितलं, मारलं कोणी हे नाही सांगितलं.

आता पुण्याचीच दुसरी गोष्ट. १९८२ मध्ये लग्नाला काही महिनेच झालेली एक तरुणी विषाने मरण पावली. नवऱ्यावर खुनाचा आरोप आला. सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयानेही तीच कायम केली. जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्याला निर्दोष सोडलं. तिच्या पत्रांतून ती फार दुःखी होती असं दिसत होतं. तिने स्वतःच जीव दिला असेल, ही शक्यता सरकारी पक्षाला खोडता आली नव्हती. 'शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा तो खटला. देशभरातले वकील आजही तो उठता-बसता सांगतात. कारण त्यात न्या. फाजल अली यांनी परिस्थितीजन्य पुराव्याचं 'पंचशील' मांडलं: प्रत्येक बाब पक्की सिद्ध झालेली हवी, ती आरोपीच्या अपराधाशीच जुळायला हवी, ती ठाम हवी, दुसरी प्रत्येक शक्यता तिने खोडून काढायला हवी, आणि सगळ्या बाबींची साखळी कुठेही तुटता कामा नये.

यातल्या पहिल्या नियमासाठी त्यांनी १९७३ च्या एका निकालाचा आधार घेतला. 'शिवाजी साहबराव बोबडे' हा तो खटला, तोही महाराष्ट्रातलाच. 'केलं असेल' आणि 'केलंच असलं पाहिजे' यांत फार मोठं अंतर आहे, असा त्याचा भावार्थ. इंग्रजी निकाल आहे तो, पण मराठीत हे किती सहज कळतं! सगळी गंमत त्या एका 'च'मध्ये आहे.

आणखी एक गोष्ट सारडा खटल्यात सांगितली आहे, ती तुम्हाला नवलाची वाटेल. आरोपी खोटं बोलला, एवढ्यावरून साखळीतली निखळलेली कडी भरून निघत नाही. आधी साखळी पुरी हवी, मग खोटेपणाने ती फार तर घट्ट होते. क "मी वर्गात आलोच नव्हतो" असं घाबरून म्हणाला, तरी तेवढ्याने तो चोर ठरत नाही. घाबरलेलं पोरही खोटं बोलतं, हे तुमच्या आईबाबांना विचारा!

हे सगळं आता आपल्या दाराशी आलं आहे. सत्र न्यायालयाने फाशी दिली, तर उच्च न्यायालयाने मंजूर केल्याशिवाय ती देता येत नाही. पूर्वी आपल्याकडच्या अशा प्रत्येक प्रकरणासाठी मुंबई गाठावी लागे. चाळीसेक वर्षांच्या मागणीनंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात, सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत बसू लागलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे कागद तिथे येतात. म्हणजे कोणीच न पाहिलेल्या गुन्ह्यांच्या साखळ्या, आता भाऊसिंगजी रोडवर कडी-कडीने तपासल्या जातात.

आता हे कागद तयार होताना पोलिसांबरोबर 'पंच' म्हणून जी दोन साधी माणसं सही करतात, ती कोण असतात आणि त्यांची सही एवढी महत्त्वाची का, ते पुढच्या अंकात पाहू.