अनंताचे व्रत

आज अनंत चतुर्दशी. ज्याला अंत नाही तो अनंत. त्याच्याच तिथीला आपण उत्सव संपवितो, याचा भाविकांनी विचार करावा. १९९३ साली हीच रात्र सरली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. तेव्हा भारतीय जैन संघटनेने तेथील सुमारे १२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. विसर्जनानंतरची ती खरी पूजा होय.

आपल्या ईट परिसरावर तसा घाला आला नाही. परंतु दसरा-दिवाळी होताच या बालाघाटातील कितीतरी जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीस निघतात. लेकरे सोबत गेली तर शाळा सुटते. मागे राहिली तर थकलेल्या आजी-आजोबांनाच ती सांभाळावी लागतात. त्या वृद्धांना मग कोण पाहणार?

म्हणून मंडळांनी वर्गणीतील काही भाग अशा मुलांच्या व वृद्धांच्या अन्नासाठी आणि औषधासाठी राखून ठेवावा. प्रत्येक घराने शेजारच्या एका म्हाताऱ्या जिवाची वास्तपुस्त हंगामभर घ्यावी. चौदा गाठींचा अनंत हाती बांधणाऱ्यांनी ही पंधरावी गाठ मनाशी बांधावी. मूर्तीचे विसर्जन होवो. सेवेचे होऊ नये.