तळे म्हणावे की धरण? : लोकलने जाणाऱ्या एका सहलीची आखणी

पावसाळा सुरू झाला की महाविद्यालयांतून वर्षासहलीचे वारे वाहू लागतात. मराठी विभागही याला अपवाद नसतात. एक बस ठरते, सहा-सात प्रेक्षणीय स्थळांची यादी होते, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास मिळतो आणि परतताना कोणी कोणते गाणे म्हटले एवढेच काय ते लक्षात राहते. आमचे मत असे की, साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अशी सहल काढू नये. पुण्यातील विद्यार्थ्यांनी लोकलने जावे, एकाच स्थानकावर उतरावे, एकच डोंगर चढावा आणि वरून एकच जलाशय नीट पाहावा. आणि निघण्यापूर्वी, नियोजनाच्या बैठकीतच, एका प्रश्नाचा विचार करावा: जे पाणी आपण पाहणार आहोत, त्याला काय म्हणायचे?

लोकलचा आग्रह केवळ काटकसरीचा नव्हे. बस आपल्यासाठी थांबते, लोकल थांबत नाही. सहलीचे नियोजन म्हणूनच परतीच्या गाडीपासून सुरू करावे लागते. संध्याकाळची कोणती लोकल पकडायची हे आधी ठरवायचे आणि तेथून मागे मागे येत उतरण्याचा, चढण्याचा, जेवणाचा वेळ मोजायचा. ही मर्यादा जाचक वाटते, पण सुनीताला चौदा ओळींचे बंधन असते तसेच हे आहे. काय गाळायचे, हे त्यामुळे कळते.

आम्ही सुचवतो ते स्थानक मळवली. पुणे-लोणावळा हे अंतर सुमारे ६४ किलोमीटरचे आणि लोणावळ्याच्या अगदी अलीकडे हे छोटे स्थानक येते. बहुतेक जलद गाड्या येथे थांबत नाहीत, लोकल थांबते. स्थानकातून बाहेर पडून, द्रुतगती मार्ग ओलांडून भाजे गावात यावे. गावावरच्या डोंगरात इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकापासून कोरली गेलेली बौद्ध लेणी आहेत. चैत्यगृह तर पाहावेच, पण लेण्यांतील पाण्याचे एक टाके अवश्य शोधावे. कोसिकीपुत्र विण्हुदत्त नावाच्या महारठीने ते दान दिल्याचा ब्राह्मी लेख तेथे आहे. पाणी साठवणाऱ्याचे नाव दोन हजार वर्षे दगडावर टिकले आहे, हे ध्यानात ठेवून पुढे निघावे.

लोहगड आणि विसापूर यांच्यामधल्या खिंडीतून वाट लोहगडावर जाते. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यांत हा किल्ला आहे. चार दरवाजे ओलांडून माथ्यावर गेले आणि ढग बाजूला झाले की खाली पवनेचे पाणी पसरलेले दिसते. पलीकडे तुंग आणि तिकोना. येथे विद्यार्थ्यांच्या तोंडून हमखास 'किती सुंदर लेक!' असे उद्गार निघतात. आमचा आक्षेप इंग्रजी शब्दाला नाही. आक्षेप आहे तो त्या शब्दामुळे जे झाकले जाते त्याला.

पवनेचे धरण १९७० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झाले. त्यापूर्वी तेथे नदी होती, शेते होती, गावे होती. गो. नी. दांडेकरांची 'पवनाकाठचा धोंडी' ही कादंबरी, आणि १९६६ साली तिच्यावर निघालेला चित्रपटही, या धरणाच्या आधीचा. कादंबरीच्या शीर्षकातला 'काठ' नदीचा आहे, जलाशयाचा नव्हे. गोनीदांचे वास्तव्य होते ते तळेगाव तर याच लोहमार्गावरचे. वर्गात ही कादंबरी 'प्रादेशिक' या खणात ठेवून आपण पुढे जातो. गडावरून खाली पाहिले म्हणजे मात्र कळते की, त्या प्रदेशाचा मोठा भाग आज पाण्याखाली आहे.

हे पाणी जाते कोठे? सकाळी ज्या पिंपरी आणि चिंचवड स्थानकांवरून आपली लोकल आली, त्या शहराच्या नळांना. या धरणातून शहराकडे बंद जलवाहिनी नेण्यास मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर गावाजवळ, सकाळी आपण ओलांडला त्याच द्रुतगती मार्गावर, झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन जण मृत्युमुखी पडले. आज त्याच पाण्याच्या काठी तंबूत रात्र घालवण्याच्या जाहिराती 'पवना लेक' या नावाने झळकतात. 'धरण' म्हटले की कोणी बांधले, कोणासाठी, कोणाची जमीन गेली, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. 'लेक' म्हटले की उरतो तो निसर्ग, आणि निसर्गाला कोणी जाब विचारत नाही.

हे पवनेपुरतेच नाही. लोणावळ्याजवळच्या वळवण आणि शिरवटा या जलाशयांचे पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजगृहात सोडले जाते. १९१५ साली सुरू झालेल्या त्या वीजगृहाने मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवली. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही ओळख मिळाली ती तेथेच. आपण ज्यांना सहलीची तळी म्हणतो, त्यांतली किती तरी मुळात शहराची गरज भागवण्यासाठी बांधलेली आहेत.

यावर आमचे काही सहकारी म्हणतात, 'मुलांना एक दिवस तरी मोकळे सोडा, तेथेही तास घेऊ नका.' आक्षेप रास्त आहे. गडावर व्याख्यान देऊ नये, हे आम्हांलाही मान्य आहे. म्हणूनच हा विषय नियोजनाच्या बैठकीत यावा असे आम्ही म्हणतो. वेळापत्रकासोबत नकाशा उघडावा, धरणाचे वर्ष लिहावे, कादंबरी आधी वाचावी. माहिती असल्याने आनंद उणावतो, ही समजूत निदान साहित्याच्या माणसांनी तरी बाळगू नये.

नियोजनाचा आणखी एक अर्थ अधिक तातडीचा आहे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि माणसे दगावली. दोन्ही ठिकाणे याच लोहमार्गाच्या परिसरातली. पाण्याला नुसते दृश्य मानण्याची सवय केवळ भाषेची हानी करत नाही. पावसाचा जोर असेल त्या दिवशी सहल पुढे ढकलण्याची तयारी आणि वाहत्या पाण्यात न उतरण्याचा नियम हे दोन्ही आखणीतच लिहून ठेवावेत.

सहलीनंतर विद्यार्थ्यांकडून आपण 'निसर्गरम्य अनुभव' लिहून घेतो. त्याऐवजी एका पानाचे टिपण मागावे, आणि अट एकच घालावी: गडावरून दिसलेल्या पाण्यासाठी जो शब्द वापराल, तो का वापरला हे सांगा. तळे, तलाव, जलाशय, धरण, लेक यांपैकी कोणताही चालेल. मात्र निवड करावी लागेल, आणि तिची जबाबदारी घ्यावी लागेल. शैलीविचाराचा याहून चांगला पाठ आम्हांला तरी ठाऊक नाही.