भिंतीवर काय लावले, ते बिलात लिहा

शाळेत मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. दोन्ही भाषांचे नाते सांगायचे असले की मी गवंड्याचे शब्द फळ्यावर लिहितो. ‘गिलावा’ फारसीतून आला. तिथे गिल म्हणजे माती, चिखल. काटकोन तपासायचा ‘गुण्या’ही फारसीच. विटांच्या सांध्यांत चुना किंवा सिमेंट भरणे म्हणजे ‘दरजा भरणे’. दर्ज म्हणजे शिवण, सांधा. उर्दूत शिंप्याला दर्जी म्हणतात तो त्यावरूनच. ‘मिस्त्री’ पोर्तुगीजांकडून आला. कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपून उभा केलेला ‘कूड’ मात्र इथलाच. शब्द कुठलाही असो, भिंतीत काय आहे हे तो लपवत नसे.

आज भिंतीचे शब्द लपवू लागले आहेत, आणि माझा आक्षेप इंग्रजीला नाही, या लपवण्याला आहे.

पावसाच्या माऱ्याकडच्या भिंतीला पूर्वी विणलेल्या झावळ्या बांधत. आता पत्रा मारतात. दुकानदार म्हणतो, ‘सिमेंटचा पत्रा घ्या.’ कोटेशनवर ‘एसी शीट’ असे असते. एसी म्हटले की गारवा देणारे यंत्र डोळ्यांपुढे येते. इथे त्याचा अर्थ आहे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट. या नालीदार पत्र्यांसाठीच्या ‘आयएस ४५९’ या भारतीय मानकाच्या शीर्षकातच अ‍ॅस्बेस्टॉस हा शब्द आहे. सरकारी कागदावर असलेला शब्द ग्राहकाच्या बिलापर्यंत येईतो गळून कसा पडतो?

अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज आहे. त्याच्या सर्व प्रकारांमुळे कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पत्रा कापताना, त्याला भोके पाडताना किंवा तो फोडताना उडणाऱ्या धुळीतले बारीक तंतू फुप्फुसात जातात. आजार दिसायला वीस-तीस वर्षेही लागतात, त्यामुळे दोष कुणाच्याच माथी येत नाही. युरोपीय संघाने २००५ पासून त्याचा वापर बंद केला. आपल्याकडे हे पत्रे कायदेशीरपणे विकले जातात. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे ठेवण्याचा आदेश दिला. पण घरोघरी जाऊन ग्राइंडरने पत्रा कापणाऱ्या पोराची नोंद कोण ठेवणार? त्याला तर तो ‘सिमेंट’ कापतोय एवढेच ठाऊक असते.

कुणी म्हणेल, गरिबाला हाच पत्रा परवडतो. लोखंडी पत्रा तापतो, गंजतो. खरे आहे. भिंतीवरचे चांगले पत्रे उद्याच उखडा, असे मी म्हणत नाही. अखंड पत्र्यापेक्षा तोडफोडीत धोका जास्त असतो. पण स्वस्त वस्तू घेणाऱ्यालाही ती काय आहे हे कळण्याचा हक्क आहे. नाव कळले तर तो निदान पत्रा ओला करून हातकरवतीने कापायला सांगेल, मुलांना लांब ठेवेल, तुकडे चुलीभोवती रचणार नाही.

‘फायबर सिमेंट’ या नावानेही समाधान मानू नका. बिनअ‍ॅस्बेस्टॉसची, लाकडाच्या लगद्याचे तंतू घातलेली शीट बाजारात मिळते. पण अ‍ॅस्बेस्टॉस हाही तंतूच असल्याने नुसत्या ‘फायबर’वरून काहीच ठरत नाही. म्हणून बिलावर तीन गोष्टी मराठीत लिहून मागा: पत्रा कशाचा, जाडी किती, आणि अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही. दुकानदार टाळत असेल तर दुसरे दुकान पाहा.

आम्हा शिक्षकांचेही यात काम आहे. व्यवहारातले बिल वाचता येणे हासुद्धा भाषेचाच धडा आहे. समानार्थी शब्द पाठ करून घेताना, एकच शब्द दोन वस्तूंवर कसा पांघरला जातो हेही मुलांना दाखवले पाहिजे. त्यांतली काही मुले उद्या मिस्त्री होतील. हातातल्या वस्तूचे खरे नाव त्यांना ठाऊक असायलाच हवे.