विश्लेषण : फोन घेण्याआधी ‘तो काय म्हणतोय’ हे का पाहिलं जातं?

नायगावच्या (दादरच्या, वसईच्या नव्हे) बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. एवढ्याशा घरात मोबाइल म्हणजे दुसरा टीव्ही, मुलांचा क्लास, यूपीआयचं पाकीट आणि म्हाडाच्या सोडतीची यादी वाचायचं साधनही. पंधरा-वीस हजारांचा फोन बऱ्याचदा हप्त्यांवर येतो. तो फसला तर हप्ते भरत तोच वापरायचा. म्हणून दुकानात जाण्याआधी यूट्यूबवर कुणी ‘अजिबात घेऊ नका’ म्हणतंय का, हे आधी पाहिलं जातं.

माहिती खोक्यावर आहे, मग मत कशाला?

बॅटरी किती एमएएच, कॅमेरा किती मेगापिक्सेल, हे खोक्यावरच छापलेलं असतं. पण ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा गणपतीच्या मिरवणुकीत, रात्री, हलत्या गर्दीत कसा फोटो काढेल, हे त्या आकड्यातून कळत नाही. सेन्सरचा आकार आणि आतलं सॉफ्टवेअर ते ठरवतं. इथे ठाम बोलणारा लागतो. तो निःपक्षच असायला हवा असंही नाही. त्याचा कल माहीत असला की पुरे. एकाला जड फोन आवडत नाहीत, दुसऱ्याला जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर खपत नाही. वर्षभर ऐकणारा माणूस तेवढं वजा करून उरलेलं घेतो. ओळखीचा मेकॅनिक ‘ही गाडी नको’ म्हणाला की त्याची आवडनिवड धरूनच ऐकतात, तसंच हे. जो प्रत्येक फोनला ‘या किमतीत बेस्ट’ म्हणतो, त्याचं बोलणं ऐकून खोक्यापेक्षा जास्त काही हाती लागत नाही.

भाषेचाही भाग आहेच. पुण्याचे अरुण प्रभुदेसाई यांनी २००७ मध्ये ‘ट्रॅक डॉट इन’ हा ब्लॉग इंग्रजीत सुरू केला. मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला तो पुढे हिंदीतल्या यूट्यूब वाहिनीवर.

स्पष्ट बोलणं कुणाला खुपतं?

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मार्केझ ब्राउनलीने ६९९ डॉलरची ‘ह्युमेन एआय पिन’ ही आपण तपासलेली सर्वांत वाईट वस्तू असल्याचं सांगितलं. एवढ्या मोठ्या यूट्यूबरने नव्या कंपनीवर असा घाव घालावा का, यावर वाद पेटला. फेब्रुवारी २०२५ मध्ये एचपीने ११.६ कोटी डॉलरला कंपनीचा बराचसा भाग घेतला आणि पिनची सेवा बंद झाली. व्हिडिओने कंपनी बुडवली, असं म्हणणं सोयीचं आहे. पण पिन तापत होती, उत्तरं उशिरा देत होती. ज्यांनी तो व्हिडिओ पाहून पैसे वाचवले, त्यांचीही बाजू त्या वादात होतीच.

उलट बाजूही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये गुगलच्या ‘टीम पिक्सेल’ कार्यक्रमातली एक अट बाहेर आली : पिक्सेलऐवजी दुसऱ्या फोनला पसंती दिलेली दिसली, तर संबंध संपू शकतात. टीका झाल्यावर ती अट काढली. इथे निदान ती कागदावर तरी होती. एरवी ती न लिहिताही पाळली जाऊ शकते, कारण नवा फोन बाजारात येण्याआधी कंपनीच देते आणि व्हिडिओ कधी टाकायचा तेही तीच ठरवते. आठवडाभराच्या वापरात बॅटरीची झीज दिसत नाही, दोन अपडेटनंतरचा संथपणा किंवा स्क्रीनवर उमटणारी हिरवी रेघही दिसत नाही.

भारतात नियम काय?

जाहिरात मानक परिषदेने (एएससीआय) २०२१ मध्ये आणि ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे, फुकट वस्तू, सहल असं काहीही मिळालं असेल तर ते ठळकपणे सांगायचं; हॅशटॅगांच्या गर्दीत लपवायचं नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण पुढचा फोन वेळेत मिळावा म्हणून गिळलेला एखादा शब्द कुठल्या नियमात बसणार?

म्हणूनच स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या फोनचा, सहा महिने वापरून केलेला व्हिडिओ सगळ्यात कामाचा. तो पाहणारे कमी असतात, कारण तोवर कंपनीचा पुढचा फोन आलेला असतो. त्यामुळे करणारेही कमीच.