फॉरेनचा रेग्युलेटर

मंडळी, खूप दिवसांनी लिहिते आहे. आधी गुडघा, मग पाहुणे, मग नवरात्र. मत्स्योदरी देवीच्या यात्रेत आमचे घर कसे गजबजते ते अंबडकरांना सांगायला नको. पण आज बसलेच. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला 'स्वदेशीवाली काकू' ठरवून सगळे मोकळे झाले आहेत, आणि तिथे दोन ओळींच्या पुढे कुणी वाचत नाही. म्हणून हे इथे.

विषय ऐकून हसाल. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथली सत्तरी ओलांडलेली बाई स्कूबा डायव्हिंगच्या सामानावरून भांडते आहे! पण माझ्या लेकीचा मुलगा मालवणला डाइव्हमास्टर आहे. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, तिथे तो सहलीला म्हणून गेला आणि समुद्राचाच झाला. (इंजिनिअरिंग अर्धवट सोडले. त्यावर वेगळा लेख होईल, पण त्याची आई हे वाचते.) सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास तो पर्यटकांना हाताला धरून पाण्याखाली नेतो आणि मासे दाखवून वर आणतो.

तर झाले असे, की जर्मनीतला माझा पुतण्या दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आला तो नातवासाठी रेग्युलेटरचा नवा कोरा सेट घेऊन. इथे दुकानात सांगितलेल्या किमतीच्या दोन तृतीयांशात! घरभर कौतुक. मीही केले, खोटे का बोलू. शेजारच्या बाईंना बोलावून दाखवला. त्या म्हणाल्या, 'दुधाच्या मशीनसारखा दिसतोय.'

पहिली अडचण आठवड्यातच आली. जर्मनीत सिलिंडरच्या आत आटे फिरवून बसवायचा जोड चालतो, त्याला डिन म्हणतात. नातवाच्या सेंटरवरची सिलिंडरे वरून पकडीने आवळायच्या जोडाची, त्याला योक म्हणतात. ती अडचण एका अ‍ॅडॉप्टरने मिटली. पण पुढच्या हंगामात, ऐन मे महिन्याच्या गर्दीत, रेग्युलेटरमधून आपोआप हवा सुटायला लागली. याला ते लोक फ्री-फ्लो म्हणतात.

आता हे प्रकरण काय आहे ते थोडे सांगते, कारण ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना वाटते मी एखाद्या मिक्सरबद्दल बोलते आहे. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा असते. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार असते, म्हणजे हिशोब करा. तो दाब दोन टप्प्यांत उतरवून, श्वास ओढला की नेमकी तेवढीच हवा तोंडात देणारी झडप म्हणजे रेग्युलेटर. १९४३ साली कुस्तो आणि गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी ती बनवली. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून गॅसवर मोटारी चालवत, त्यासाठी गान्यांने केलेल्या झडपेवरून हे सुचले. झडप बिघडली तर बहुधा हवा बंद होत नाही, उलट सुटतच राहते. मुद्दामच तशी रचना असते. पण मग सिलिंडर बघता बघता रिकामे होते, आणि पाण्याखाली दहा मीटरवर दाब दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट, त्या मानाने हवाही लवकर संपते. आणि घाबरून झपकन वर यावे तर फुप्फुसाला इजा.

कंपनीचे सांगणे असते की वर्षातून एकदा, किंवा काही मॉडेलना दोन वर्षांतून एकदा, हा सेट उघडून आतल्या रबरी कड्या बदलायच्या. ते काम ज्याने शिकून घेतले आहे त्याच्याकडेच. नातू मुंबईला गेला. दुकानदाराने नम्रपणे सांगितले, 'हे मॉडेल आम्ही आणत नाही, याचे किट आमच्याकडे नाही, आणि आमच्याकडून घेतलेले नाही म्हणून गॅरंटीही आमची नाही.' राग आला, पण विचार केला तर तो चूक नव्हता. पुतण्याने तिकडच्या दुकानाला विचारले. युरोपात विकणाऱ्यावर दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते म्हणे. उत्तर आले, 'जरूर, आणून द्या, तपासून कळवतो.' आणून द्या! मालवणहून!

सेट पोहोचून, दुरुस्त होऊन, कुणीतरी येणाऱ्याच्या बॅगेतून परत यायला साडेचार महिने लागले. मे गेला. पावसाळ्यात तिकडे सगळे बंदच असते. पण मला बोचले ते वेगळेच. फ्री-फ्लो सुरू झाल्यानंतरही तो पोरगा दोन दिवस तोच सेट घेऊन पाण्यात उतरला होता. मलाच उशिरा कळले. विचारले तर म्हणाला, 'आजी, गर्दी होती, रोजचे पैसे बुडाले असते. थोडीच सुटत होती.'

थोडीच!

मी विहिरीत पोहायला शिकले ते पाठीला वाळका भोपळा बांधून. मुलींनी पोहायचे नसते म्हणणाऱ्या आत्याला वडिलांनी जुमानले नाही. एकदा भोपळ्याला तडा गेला आणि मी गटांगळ्या खाल्ल्या. तो भोपळा आमच्याच शेतातला, फुकटचा होता, त्यामुळे मी वाचले नाही. मी वाचले कारण चुलते काठावर उभे होते आणि त्यांनी धोतरासकट उडी मारली.

पुतण्या, रागावू नकोस. पण तू पाठवलेल्या सेटला काठावर उभे राहणारे कुणी नव्हते. आणि हे तुझ्या एकट्याचे नाही, आपल्या सगळ्या पिढ्यांचे खूळ आहे. आमच्या तरुणपणी 'फॉरेनचं' म्हटले की ट्रान्झिस्टर, नायलॉनची साडी, मनगटी घड्याळ. यांनी एकदा असेच चोरट्या बाजारातले घड्याळ घेतले होते. बंद पडल्यावर अंबडच्या घड्याळजीने उघडले, बघितले आणि तसेच बंद करून परत दिले. एचएमटी मात्र त्याने तीस वर्षे चालू ठेवली. पण बंद पडलेल्या घड्याळाने माणूस शाळेत उशिरा पोचतो, एवढेच होते.

ग्रुपवर एका भाच्याने लिहिले, 'मामी, किट ऑनलाइन मागवायचे आणि व्हिडिओ बघून घरीच बसवायचे.' अरे बाळा, कड्या बसवल्या तरी मधला दाब मोजावा लागतो, त्याला गेज लागते, हत्यारे लागतात. तुझ्या स्कूटरचे ब्रेक तू व्हिडिओ बघून बसवतोस का?

आता स्वदेशीचे. मी इतिहास शिकवला आहे, तेव्हा हे ऐकूनच घ्या. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला, नरहरी आनंदराव यांना पत्र लिहिले. बारदेशातून, म्हणजे पोर्तुगीजांच्या मुलखातून, स्वस्त मीठ येत होते आणि आपले मीठ पडून राहत होते. महाराजांनी त्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितली. कुडाळ आणि मालवण एकाच जिल्ह्यात! ग्रुपवरच्या स्वदेशीवाल्यांना हे फार आवडेल, पण थांबा. तिथे वाचवायला आपला मिठागरवाला होता. इथे कोण आहे? मुंबईच्या दुकानातला रेग्युलेटर तरी कुठे मुंबईत बनतो? तोही इटली नाहीतर तैवानचा. त्यावर सीमाशुल्क आणि जीएसटी चढवून आपण कुठल्या मिठागरवाल्याला जगवतो आहोत? भुर्दंड पडतो तो मालवणच्या पोरांना, आणि मग ती पोरे बॅगेतून येणाऱ्या सेटची वाट बघतात. एकीकडे कोकणात पाण्याखालचे पर्यटन वाढवायच्या घोषणा करायच्या आणि दुसरीकडे जीव सांभाळणारी झडप चैनीच्या वस्तूसारखी महाग ठेवायची, हे मला कुणी समजावून सांगावे.

इथल्या दुकानदारांनाही मी सोडणार नाही. खोके इकडून तिकडे सरकवायचे आणि दीडपट घ्यायचे, तर मग जर्मनी काय वाईट? नातवाला मी सांगितले, किंमत नंतर विचार. आधी विचार, तुमच्याकडे दुरुस्तीचे शिक्षण घेतलेला माणूस आहे का, या मॉडेलचे किट आत्ता कपाटात आहे का, दाखवा. दोन दुकानांत दाखवायला काही नव्हते. तिसऱ्याने ड्रॉवर उघडून दाखवले. तिथेच घेतला. माझी एक एफडी मोडली, आणि बँकेतल्या मुलीने कारण विचारल्यावर मी 'रेग्युलेटर' सांगितले. तिने गॅसचा लिहून घेतला असावा :)

सगळेच इथे घ्यावे असेही नाही. हातमोजे, बॅटरी, कंगव्यापासून चाकूपर्यंत काहीही कुठूनही आणा. मात्र सिलिंडर बाहेरून आणायचे मनात आणू नका. दाबाचे सिलिंडर आयात करायला परवाना लागतो, आणि तो देणाऱ्या पेसोचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, तेव्हा ओळख काढायचा मोह होईल म्हणून आधीच सांगते. आणि तिकडचे सात मिलिमीटर जाडीचे सूट त्यांच्या थंड पाण्यासाठी असतात, मालवणात तीनचा पुरतो.

परवा पुतण्याचा फोन आला. आधी थोडा फुरंगटून होता. मग म्हणाला, 'काकू, या दिवाळीला येतोय. त्याला आता काय आणू? मास्क आणू का चांगला?' म्हटले, मास्क नको. तो पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास आत ओढायचा, हात सोडल्यावर चिकटून राहिला तर आपला. आपल्या घराण्याची नाके तुला माहीत आहेत. तो मालवणातच लावून बघून घेईल. तू पाण्याखाली चालणारी एक चांगली बॅटरी आण, आणि जुना सेट परत घेऊन जा, तिकडे कुणी घेतला तर विकून टाक.

जुना सेट सध्या लाडवांच्या रिकाम्या डब्यात आहे.