गोणीमागे 22 रुपये : राडारोड्याची खरी किंमत कोण मोजतो?

मध्यंतरी आमच्या एका सहकाऱ्याच्या घराचे काम निघाले. मुंबईच्या उपनगरातली जुनी सोसायटी, चौथा मजला, 500 चौरस फुटांचे घर. सगळी लादी फोडून नवी बसवायची होती. ठेकेदाराने अंदाजपत्रक दिले. टाईल्स किती, सिमेंट किती, नळकाम किती, रंग किती, सगळे ओळीने आणि दरासकट लिहिलेले. अगदी तळाला एक ओळ होती : 'डेब्रिज उचलणे, एकरकमी 10,000.'

सहकाऱ्याने सवयीने विचारले, "यात काही कमी होईल का?" ठेकेदार लगेच म्हणाला, "साहेब, हजार कमी करतो." आम्ही चार-पाच जण तिथेच बसलो होतो. कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. टाईल्सच्या दरात त्याने एक रुपया सोडला नव्हता, मग इथे हजार रुपये इतक्या सहज कसे सुटले, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही.

उत्तर काम सुरू झाल्यावर मिळाले. राडारोडा खाली नेणाऱ्या दोन बिगाऱ्यांशी चहा घेताना बोलणे झाले, तेव्हा हिशेब कळला. टेम्पोवाल्याचे दोन फेऱ्यांचे 5,000 रुपये ठरलेले होते, त्यात काही हलले नव्हते. कमी झालेले हजार रुपये बिगाऱ्यांच्या वाट्यातून गेले होते. दोघांना मिळून, दोन दिवसांचे, 4,000 रुपये उरले होते.

आता साधे गणित करू. लादी आणि तिच्याखालचा माल मिळून दोन इंचांचा थर धरला, तर 500 चौरस फुटांतून साधारण साडेचार टन राडारोडा निघतो. 25 किलोची एक गोणी धरली तर 180 गोण्या. म्हणजे गोणीमागे 22 रुपये. चौथा मजला म्हणजे सुमारे 12 मीटर उंची. 180 फेऱ्यांत दोघांना मिळून खांद्यावर ओझे घेऊन 2,160 मीटर उतरायचे आणि रिकाम्या हाताने तेवढेच चढायचे. कळसूबाई 1,646 मीटर उंच आहे. सोसायटीत लिफ्ट आहे. पण तिच्या दारावर 'डेब्रिज नेण्यास सक्त मनाई' अशी पाटी आहे. लिफ्टला ओरखडा पडू नये याची काळजी सोसायटीने घेतली. माणसाच्या मणक्याची काळजी घेणारा ठराव कोणत्याही सर्वसाधारण सभेत झालेला नाही.

कोणी म्हणेल, हा बाजारभाव आहे. त्याला परवडते म्हणून तो येतो. आमचा सवाल असा आहे की, हा भाव ठरवताना बाजारात कोण कोण बसले होते? घरमालक होता, ठेकेदार होता, टेम्पोवाला होता. ज्याच्या पाठीवरून साडेचार टन खाली जाणार होते, तो तिथे नव्हता. तो सकाळी नाक्यावर उभा होता. त्याला फक्त 'चलतो का?' एवढेच विचारले गेले. ज्याला 'नाही' म्हणण्याची सोय नाही, त्याच्या 'हो'ला संमती म्हणायचे, ही लबाडी आपल्याला नवी नाही.

वतनदारी आठवा. गावकीची कामे महाराने करायची, मेलेले ढोर ओढायचे, निरोप घेऊन गावोगाव धावायचे. किती तास? ठरलेले नाही. किती मोबदला? ठरलेला नाही. गावाची मर्जी असेल ते बलुते. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट होती : कामाला मोजमाप नाही आणि मोबदला दुसऱ्याच्या मेहेरबानीवर. ज्या कामाचे मोजमाप होत नाही, ते करणारा माणूस गुलाम राहतो. महार वतने 1958 च्या कायद्याने गेली. पण अंदाजपत्रकाच्या तळाशी लिहिलेला तो 'एकरकमी' शब्द बघा. लादी चौरस फुटावर मोजतात, वायर मीटरवर मोजतात, आणि माणसाचे कष्ट मात्र एकरकमी!

आणखी एक युक्तिवाद हमखास येतो : आता जात कुठे राहिली, सगळ्याच जातींचे लोक सगळी कामे करतात. असे म्हणणाऱ्यांनी एक दिवस पहाटे मजूर नाक्यावर जाऊन उभे राहावे. कोण कुठल्या गावाहून आला, गावाकडे जमीन होती का, हे विचारावे. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबई-पुण्याला आलेल्या भूमिहीन दलित कुटुंबांची पुढची पिढी तिथे भेटेल. बंजारा भेटतील, आदिवासी भेटतील, गरीब मुसलमान भेटतील. गवंडी, सुतार, प्लंबर यांना हुन्नराचा दर मिळतो. सगळ्यात तळाला बिगारी, आणि बिगाऱ्यांतही सगळ्यात तळाला घाण आणि मलबा उचलणारा. श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. फक्त चावडी जाऊन नाका आला आहे.

कायदा काय करतो? 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने उपकर बसवला, कल्याणकारी मंडळे आली. पण स्वतःच्या राहत्या घराचे 10 लाखांपर्यंतचे काम त्यातून वगळले गेले. 2020 च्या कामगार संहितांमध्ये ही मर्यादा 50 लाखांवर नेली आहे. म्हणजे शहरातले बहुतेक घरकाम उपकराच्या बाहेरच! मंडळाकडे नोंदणी करायची तर आदल्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला हवा. रोज नव्या ठेकेदाराकडे जाणाऱ्या बिगाऱ्याला हा दाखला कोण देणार? हमालांनी लढून 1969 चा माथाडी कायदा मिळवला. तोच बोजा, तीच पाठ, पण नाक्यावरच्या बिगाऱ्यापर्यंत ते कवच पोहोचलेले नाही.

राडारोड्याची किंमत इथेही संपत नाही. टेम्पो भरून गेला, पण गेला कुठे? सहकाऱ्याने पावती मागितली. ठेकेदाराने त्याच्याकडे असे पाहिले, जणू त्याने भलतेच काही मागितले. 2016 च्या बांधकाम कचरा नियमांनी राडारोडा ज्याच्या घरातून निघतो, तो योग्य ठिकाणी पोहोचवण्याची आणि त्याचे शुल्क भरण्याची जबाबदारी त्याच्यावरच टाकली. मुंबई महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे. तरीही रात्रीच्या अंधारात टेम्पो रिकामे होतात, ते खाडीकाठी, नाल्याच्या कडेला, पुलाखाली. कांदळवनात मलबा टाकायला मुंबई उच्च न्यायालयाने 2005 सालीच बंदी केली आहे. पण खाडीकाठी आणि नाल्याच्या कडेला वस्ती कोणाची असते? पावसाळ्यात नाला तुंबून पाणी कोणाच्या घरात शिरते? मलबार हिलचा राडारोडा मलबार हिलवर टाकलेला कोणी पाहिला आहे का? देवनारची कचराभूमी 1927 पासून आहे. तिच्या कुशीत दलित आणि मुस्लिम गरीबांच्या वस्त्या वाढल्या, हा योगायोग नाही.

अमेरिकेत अशा कामासाठी घरासमोर लोखंडी कंटेनर भाड्याने आणून ठेवतात. त्याला तिथे डम्पस्टर म्हणतात. 20 घनयार्डाच्या कंटेनरला आठवड्याभराचे साधारण 300 ते 600 डॉलर पडतात. ठरलेल्या वजनापेक्षा टनभर जास्त झाले की जादा आकार, आणि रस्त्यावर ठेवायचा तर पालिकेचा परवाना. राडारोडा उचलायला पैसे लागतात, हे तिथे घरमालकाला बिलावरच दिसते.

म्हणून अमेरिकेत न्याय आहे, असे आम्ही म्हणत नाही. 1979 साली रॉबर्ट बुलार्ड यांनी ह्यूस्टन शहराचा अभ्यास केला. काळे लोक शहराच्या लोकसंख्येत सुमारे 25 टक्के होते, पण शहराच्या मालकीच्या पाचही कचराभूमी काळ्या वस्त्यांत होत्या. आणि मेम्फिसमध्ये 1 फेब्रुवारी 1968 रोजी एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन काळे सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून मेले. त्यानंतर 1,300 कामगार संपावर गेले. त्यांच्या हातातल्या फलकांवर एकच गोष्ट होती : मी माणूस आहे. त्यांच्या पाठीशी उभे राहायला गेलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची 4 एप्रिलला त्याच शहरात हत्या झाली. बिलावर आकडा आला म्हणजे अन्याय संपला, असे होत नाही. पण आकडाच नसेल, तर भांडायचे कशावर?

मित्रांनो, हा लेख आम्ही फक्त दुसऱ्यांकडे बोट दाखवायला लिहिलेला नाही. ज्या घरात हजार रुपये कमी झाले, त्या घरात बाबासाहेबांचा फोटो होता. काम सुरू होण्याआधी आम्ही तो जपून काढून शेजाऱ्यांकडे ठेवला. धुळीचा कण त्याच्यावर बसू दिला नाही. तीच धूळ ज्यांच्या फुप्फुसात दोन दिवस जात होती, त्यांना साधा मास्क द्यायचे मात्र आमच्या लक्षात आले नाही. आरक्षणाने, शिक्षणाने आपल्यातले काही जण चौथ्या मजल्यावर पोहोचले, याचा अभिमान आहेच. पण वर पोहोचल्यावर गोणी उचलणाऱ्याच्या मजुरीत घासाघीस करणार असू, तर आपण फक्त मजला बदलला.

सहकाऱ्याने ते हजार रुपये शेवटी बिगाऱ्यांच्या हातात परत दिले. त्याने प्रश्न सुटत नाही, हे आम्हालाही कळते. म्हणून आपल्यापासून सुरू करता येतील अशा काही गोष्टी सांगतो.

आपल्या घराचे काम निघाले तर 'एकरकमी' ओळ मान्य करू नका. किती गोण्या, कितवा मजला, गोणीमागे मजुरी किती, टेम्पोचे किती, केंद्राचे शुल्क किती, हे वेगवेगळे लिहून घ्या. राडारोडा अधिकृत केंद्रावर पोहोचल्याची पावती मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. मास्क, हातमोजे, पाणी आणि संडास वापरायची मुभा या गोष्टी कराराचाच भाग करा. चहा आपल्याच कपात द्या. सोसायटीच्या सभेत लिफ्टचा मुद्दा मांडा : पत्रे लावून लिफ्ट वाचवता येते, गुडघे वाचवायला दुसरा उपाय नाही. आणि कार्यकर्त्यांनी आठवड्यातून एक सकाळ नाक्यावर द्यावी. 90 दिवसांच्या दाखल्यासाठी, मंडळाच्या नोंदणीसाठी बिगाऱ्यांसोबत कचेरीत जावे.

खर्च वाढेल का? हो, वाढेल. पण तो खर्च आजही होतोच आहे. आज तो दुसऱ्याची पाठ भरते आणि दुसऱ्याची वस्ती भरते. ज्याच्या घरातून राडारोडा निघाला, त्याच्याच खिशातून त्याची पूर्ण किंमत निघाली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

जय भीम! जय संविधान!