जगाची यादी, उपनगराचा पत्ता

आज १८ एप्रिल, जागतिक वारसा दिन. वास्तू आणि स्थळांच्या जतनासाठी काम करणाऱ्या ‘इकोमॉस’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८२ मध्ये हा दिवस सुचवला आणि पुढच्याच वर्षी युनेस्कोने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच १९८३ मध्ये अजिंठा, वेरूळ, आग्र्याचा किल्ला आणि ताजमहाल ही भारतातली पहिली चार स्थळे जागतिक वारसा यादीत गेली. आजच्या दिवशी ठिकठिकाणी व्याख्याने होतील, वारसाफेऱ्या निघतील, मंत्र्यांचे संदेश छापून येतील. आम्हाला मात्र आज एका लहानशा, फारसा गाजावाजा नसलेल्या छंदाविषयी लिहायचे आहे. जागतिक वारसास्थळांची पोस्टकार्डे जमवणारी माणसे जगभर आहेत, तशी ती मुंबईच्या उपनगरांतही आहेत.

या छंदाला मोठी जागा लागत नाही आणि मोठे भांडवलही लागत नाही. उपनगरात टंचाई असते ती नेमकी याच दोन गोष्टींची. युनेस्कोच्या यादीत आज १७० देशांतली १,२४८ स्थळे आहेत. एवढे सगळे पाहायचे म्हटले तर नोकरदार माणसाच्या रजा पुरायच्या नाहीत, पैसे तर त्याआधीच संपतील. कार्डे मात्र घरी येऊ शकतात. परदेशी निघालेल्या भाच्याला ‘चॉकलेटे नकोत, तिथल्या पोस्टातून एक कार्ड टाक’ असे सांगता येते. चोर बाजारात जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांत तासभर घालवता येतो. शिवाय २००५ मध्ये पोर्तुगालमध्ये सुरू झालेल्या ‘पोस्टक्रॉसिंग’ने अनोळखी माणसांची दारे उघडली आहेत. तुम्ही दूरदेशीच्या कोणा एकाला कार्ड धाडायचे, ते पोचल्याची नोंद झाली की आणखी कोणा तिसऱ्याच देशातले कार्ड तुमच्या पत्त्यावर येते. ‘वारसास्थळाचे मिळाल्यास आनंद’ अशी विनंती करून ठेवली की पोलंडमधल्या मिठाच्या खाणीपासून पेरूतल्या माचू पिचूपर्यंत काहीही पोस्टमनच्या पिशवीतून येऊ शकते.

बाहेरून पाहणाऱ्याला ही नुसती यादीवर खुणा करण्याची हौस वाटते. सुरुवात तशीच होते, हे खरे. पण कार्डे शंभरावर गेली की प्रश्न पडू लागतात आणि प्रश्न पडू लागले की छंद अभ्यासाकडे वळतो. गेल्या वर्षी ११ जुलैला पॅरिसच्या बैठकीत मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची नोंद यादीत झाली. नोंद एक, किल्ले बारा. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि थेट तमिळनाडूतला जिंजी. संग्राहकाने रायगडाचे एक कार्ड लावून मोकळे व्हावे, की बाराही मिळेपर्यंत ती जागा अपुरी धरावी? रायगड, प्रतापगडाची कार्डे मिळतील. खांदेरीचे कोण छापतो? पश्चिम घाटाच्या २०१२ च्या नोंदीत तर ३९ घटक आहेत. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी हे त्यांतले आपल्या वाट्याचे चार. ‘एक कार्ड पुरे’ म्हणणारा आणि ‘सगळे हवे’ म्हणणारा यांचा वाद कधी मिटत नाही. पण जिंजी या यादीत कसे, हा प्रश्न त्या वादातून पुढे येतो आणि मग राजाराम महाराजांच्या दक्षिणेतल्या वर्षांपर्यंत जावेच लागते.

दुसरा प्रश्न यादीतून गळालेल्यांचा. ओमानमधले अरबी ओरिक्स अभयारण्य २००७ मध्ये, जर्मनीतले ड्रेस्डेनचे एल्ब खोरे २००९ मध्ये आणि इंग्लंडमधले लिव्हरपूलचे बंदर २०२१ मध्ये यादीतून वगळले गेले. ड्रेस्डेनला नदीवर नवा पूल हवा होता, लिव्हरपूलला धक्क्यावर नव्या इमारती. मग अल्बममधल्या त्या कार्डांचे काय करायचे? जाणता संग्राहक ती काढत नाही. शहराने काय मिळवले आणि कशाच्या बदल्यात, याचा तो पुरावा असतो. बामियानच्या बुद्धमूर्ती २००१ च्या मार्चमध्ये तालिबानने उडवल्या आणि यादीत त्या खोऱ्याचे नाव आले ते २००३ मध्ये, मूर्तींचे कोनाडे रिकामे झाल्यावर. पाल्मायराची मंदिरे २०१५ मध्ये पडली. अशा ठिकाणांची जुनी छापील चित्रे आता नुसती सुंदर राहिलेली नाहीत, ती साक्षीदार झाली आहेत.

यावर एक हमखास आक्षेप येतो. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना छापील चित्र कशाला? आक्षेपात तथ्य आहे. चित्र म्हणून फोनमधला फोटो अधिक स्पष्टच असेल. पण टपालातून आलेल्या कार्डावर चित्राखेरीज बरेच काही असते. तिकिटावर त्या देशाने स्वतःची कोणती ओळख निवडली ते दिसते. शिक्क्यावर गाव आणि तारीख असते. मजकुरात कोणाची तरी घाई असते. ब्रिटनने १९०२ मध्ये पत्त्याच्या बाजूला मधोमध रेघ मारून मजकुराला जागा दिली. त्याआधी मागची अख्खी बाजू पत्त्याची, म्हणून लोक चित्राच्याच कडेला दाटीवाटीने लिहीत. अशा खुणांवरून कार्डाचे वय काढता येते. आपल्या बोरीबंदरचेच पाहा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची ती इमारत जुन्या कार्डांवर ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ आहे, १९९६ नंतरच्या कार्डांवर ‘छत्रपती शिवाजी टर्मिनस’ आणि २०१७ पासून त्यात ‘महाराज’ आले. २००४ मध्ये यादीत गेली ती मधल्या नावाने. इमारत एकच, पण तिची तीन कार्डे शेजारी ठेवली तर शंभर वर्षांचे राजकारण वाचता येते.

मुलुंड-घाटकोपरचा माणूस रोज सकाळी याच जागतिक वारसास्थळावर उतरतो. परवाच्या १६ एप्रिलला बोरीबंदर-ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी धावल्याला १७३ वर्षे झाली. अंधेरी-बोरिवलीचा माणूस चर्चगेटला उतरतो आणि रस्ता ओलांडून ओव्हल मैदानाच्या कडेला येतो, तेव्हा तोही २०१८ च्या नोंदीतच चालत असतो. एका हाताला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर यांचे व्हिक्टोरियन गॉथिक, दुसऱ्या हाताला आर्ट डेको इमारतींची रांग. या नोंदीत अशा ९४ इमारती आहेत. पण नऊ वाजून काही मिनिटांच्या लोकलमधून बाहेर फेकल्या गेलेल्या माणसाची नजर घड्याळावर असते, घुमटावर नसते. तोच माणूस ब्राझीलहून आलेले कार्ड भिंगाखाली धरून दहा मिनिटे पाहतो. त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. थांबून पाहण्याची सवय त्याला कार्डाने लावली. ती सवय घराजवळ वापरली जात नाही, एवढेच.

आणि घराजवळ पाहण्यासारखे काय आहे? मुंबई उपनगर जिल्ह्यात जागतिक वारसा यादीतले स्थळ एकही नाही. पण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आरंभापासून सुमारे हजार वर्षे तिथे वस्ती होती. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत, डोंगरउताराचे पाणी साठवणाऱ्या पोढ्या आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये तिथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत कोरलेली आपली नावेही तिथल्या एका लेण्यात आहेत. अंधेरी पूर्वेला कोंडिविट्याची, म्हणजे महाकालीची लेणी आहेत. तिथल्या चैत्यात स्तूपाभोवती कातळातच गोल झोपडीसारखी भिंत कोरलेली आहे. जोगेश्वरीचे शैव लेणे घारापुरीच्या परंपरेशी नाते सांगते आणि वस्तीच्या वेढ्यात श्वास कोंडून उभे आहे. मंडपेश्वरला आत नटराज, भिंतीवर कोरलेला क्रूस आणि वर पोर्तुगीजांच्या मठाचे भग्नावशेष, असा धर्मांतराचा आणि पुनरागमनाचा इतिहास एकाच खडकात आहे. अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट टेकडी म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे बेसॉल्टचे उभे स्तंभ. अमेरिकेतल्या ‘डेव्हिल्स टॉवर’शी तिची तुलना होते. त्या टॉवरची चित्रे जगभर जातात. गिल्बर्ट टेकडी इमारतींच्या फटीतून दिसली तर दिसते.

अजिंठा-वेरूळला कार्डांचे पाकीट घेऊन विक्रेते मागे लागतात. कान्हेरीहून उतरणाऱ्याला काकडी आणि चिंच सहज मिळते. लेण्याचे चांगले चित्रकार्ड हवे असेल तर शोधत फिरावे लागते. यादीत नाव नाही म्हणून कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून चित्र कोणाच्या डोळ्यांपुढे नाही आणि चित्र डोळ्यांपुढे नाही म्हणून कड्याला टेकून झोपडी किंवा इमला उभा राहिला तरी कोणाला काही वाटत नाही. हे चक्र कुठून तरी तोडायला हवे आणि ते यादीच्या टोकाने तुटेल असे मानून बसण्यात अर्थ नाही. यादी सरकारे करतात, प्रस्तावाला वर्षे लागतात, आणि प्रत्येक मोलाच्या जागेने जगाच्या यादीत जायलाच हवे असेही नाही.

यादीची वाट न पाहता निवड करण्याची परंपरा आपल्या टपालखात्याचीच आहे. स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांनी, १५ ऑगस्ट १९४९ ला, खात्याने पुरातत्त्वीय वारशाची तिकिटांची मालिका काढली. तीत अजिंठा होते, घारापुरीची त्रिमूर्ती होती. सांची, कोणार्क, बोधगया, खजुराहोचे कंदारिया महादेव मंदिर, चितोडचा विजयस्तंभ, ताजमहाल, कुतुबमिनार आणि दिल्लीचा लाल किल्ला होता. वारसा यादीचा तेव्हा विचारही नव्हता. ही दहाही ठिकाणे पुढे १९८३ ते २०१३ या काळात एकेक करून तिच्यात गेली. त्या मालिकेतला विजापूरचा गोलघुमट अजून यादीबाहेर आहे, पण त्याच्यावरून बेतलेला घुमट मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसवर १९१३ पासून डौलाने उभा आहे. पोस्टाने आधी निवडले आणि जगाने नंतर मान्य केले, असा हा इतिहास आहे.

चित्रे छापण्याची परंपरा तर उपनगराच्या अंगणातली. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये सुरू केलेला शिळाछापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला जाण्याआधी घाटकोपरला होता. तिथून निघालेल्या छापील देवदेवतांनी देशातल्या सामान्य घरांच्या भिंती भरल्या. कागदावरच्या स्वस्त चित्राची ताकद काय असते, हे घाटकोपरला बाहेरून कोणी शिकवायला नको.

म्हणून आजच्या दिवशी आमची मागणी साधी आहे. टपालखाते आणि पुरातत्त्व खाते यांनी मिळून कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी, मंडपेश्वर आणि गिल्बर्ट टेकडी या पाच स्थळांची चांगल्या छपाईची, मागे मराठीत चार अचूक ओळी असलेली कार्डे काढावीत. ती स्थळांवर आणि जवळच्या टपाल कचेऱ्यांत मिळावीत. प्रत्येक स्थळासाठी त्या चित्राचा कायमस्वरूपी शिक्का जवळच्या कचेरीत असावा. चित्र, तिकीट आणि शिक्का तिन्ही जुळलेल्या ‘मॅक्सिमम कार्डा’साठी संग्राहक दहा मैल चालत येतो, हे खात्याला ठाऊक आहे. सरकारी गाडा हलेपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. योग्य आकाराचे, योग्य तिकीट लावलेले खासगी छापाचे कार्ड पोस्ट नेतेच. उपनगरांतली कला महाविद्यालये, शाळांची छंद मंडळे, अगदी गृहनिर्माण संस्थांची गणेशोत्सव मंडळेही ते छापू शकतात.

तीन महिन्यांच्या अंतराने १९७२ मध्ये दोन गोष्टी घडल्या होत्या. १५ ऑगस्टला देशात पिनकोड सुरू झाला. त्याची कल्पना संस्कृत पंडित आणि टपालखात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. १६ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये जागतिक वारशाचा करार संमत झाला. एकाने प्रत्येक मोहल्ल्याला नेमका पत्ता दिला, दुसऱ्याने जगाला सामायिक ठेव्याची यादी दिली. उपनगरांतल्या संग्राहकांनी गेली कित्येक वर्षे यादीवरची ठिकाणे आपल्या पत्त्यावर मागवली. आता त्यांनी उलट टपाल सुरू करावे. पोलंडहून कार्ड आले की उत्तरादाखल ताजमहाल न पाठवता कान्हेरीचा चैत्य पाठवावा आणि पाठवण्याआधी तो एकदा स्वतः जाऊन पाहून यावा.